पिल्लाचा रंग आणि सापाची जात

मध्य अमेरिकेपासून कोलंबिया आणि इक्वाडोरपर्यंतच्या दमट अरण्यांत झाडांवर राहणारा आयलॅश वायपर हा विषारी साप अंडी घालत नाही. तो थेट पिल्ले देतो. डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखे उभे राहणारे खवले असल्यामुळे त्याला हे नाव पडले. एकाच मादीने एकाच वेळी दिलेल्या पिल्लांत एखादे सोनेरी पिवळे, एखादे शेवाळी हिरवे, तर एखादे करडे किंवा तपकिरी असू शकते. युरोप-अमेरिकेतील हौशी सर्पपालकांना या सापाचे जे आकर्षण वाटते, त्याचे मुख्य कारण हेच आहे. पण रंगातला फरक हा भावंडांतला आहे, वयाचा आहे, नरमादीचा आहे की माणसाने निवड करून घडवलेला आहे, हे ओळखता आले नाही तर पाळणारा माणूस आपल्याच सापाबद्दल चुकीच्या समजुतीत राहतो.

सापाच्या त्वचेत रंग घडवणाऱ्या पेशी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. मेलॅनोफोर पेशींत काळे-तपकिरी मेलॅनिन असते, झँथोफोर पेशींत पिवळी ते लालसर रंगद्रव्ये असतात आणि इरिडोफोर पेशींत रंगद्रव्य नसून ग्वानिनसारख्या पदार्थांचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, जे प्रकाशाच्या ठरावीक लहरी परत फेकतात. बहुतेक हिरव्या सापांत हिरवे रंगद्रव्य असे काही नसतेच. स्फटिकांनी परावर्तित केलेला निळा प्रकाश वरच्या पिवळ्या थरातून बाहेर पडतो आणि आपल्याला हिरवा दिसतो. संग्रहालयात अल्कोहोलमध्ये ठेवलेले हिरवे साप पुढे निळे दिसू लागतात, कारण पिवळे द्रव्य विरघळून जाते आणि स्फटिक मात्र जागेवरच राहतात. गर्भावस्थेत या पेशी कोठे स्थिरावतात आणि पुढे त्यांचे प्रमाण कसे बदलते, यावर पिल्लाचा रंग आणि नक्षी ठरते. म्हणूनच जन्मावेळचा रंग हा अनेकदा वाढीचा केवळ एक टप्पा असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आग्नेय आशियातील वॅग्लर्स पिट वायपर, म्हणजे पेनांगच्या प्रसिद्ध सर्पमंदिरातला साप. त्याची पिल्ले हिरवी असतात, अंगावर लाल-पांढरे ठिपके असतात आणि डोळ्यातून जाणारी रेषाही लाल-पांढरीच असते. नर आयुष्यभर जवळपास असाच राहतो. मादी मात्र वाढत जाते तशी काळी होते, तिच्या अंगावर पिवळे पट्टे येतात आणि ती नराच्या तुलनेत खूप मोठी व जाड होते. पूर्ण वाढलेली जोडी शेजारी ठेवली, तर माहिती नसलेला माणूस त्यांना दोन वेगळ्या जाती समजेल. आफ्रिकेतील ॲथेरिस स्क्वॅमिजेरा या झाडावरच्या सापाची पिल्लेही जन्मतः गडद शेवाळी असतात आणि मोठेपणीचा रंग त्यांच्यावर तीन-चार महिन्यांत चढतो. अशा पिल्लाचे पहिल्या आठवड्यातले छायाचित्र पाहून पुढचा साप कसा दिसेल हे सांगता येत नाही.

काही रंगांना ठरावीक काम असते. अमेरिकेतील कॉपरहेड आणि कॉटनमाउथ यांच्या पिल्लांच्या शेपटीचे टोक पिवळट असते. ते अळीसारखे वळवळवून पिल्लू बेडूक-सरड्यांना जवळ ओढते. मोठे झाल्यावर भक्ष्य बदलते आणि तो पिवळेपणाही फिका पडत जातो. रंगातला हा बदल आजाराचे लक्षण नव्हे, हे नवख्या सर्पपालकाने आधीच जाणून घ्यायला हवे.

बंदिवासात मात्र निवड माणूस करतो. मोनोकल्ड कोब्रा या नागाच्या मेलॅनिन नसलेल्या पिवळट-पांढऱ्या वाणाला हौशी बाजारात मोठी मागणी असते. असा दोष सहसा अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच परिणाम दाखवणाऱ्या जनुकामुळे येतो; नर आणि मादी दोन्ही दिसायला साधे असून तो जनुक वाहणारे असतील, तर सरासरीने चारपैकी एक पिल्लू फिके निघते. जंगलात असे पिल्लू चटकन नजरेस पडते, पिंजऱ्यात ते जपले जाते. असा रंग मिळवण्यासाठी जवळच्या नात्यातल्या सापांची जोडी लावणे हा सर्रास वापरला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत हानिकारक मार्ग आहे. शिवाय रंगाच्या मागे लागल्यावर साप कोणत्या प्रदेशातून आला याची नोंद मागे पडते. २०२४ मध्ये आलेहान्द्रो अर्तेआगा आणि सहकाऱ्यांनी आयलॅश वायपरचा फेरअभ्यास करून पाच नव्या जातींचे वर्णन केले आणि तीन जुनी नावे पुन्हा ग्राह्य ठरवली. त्यामुळे मूळ स्थानाची नोंद नसलेला सोनेरी साप नेमका कोणत्या जातीचा, हे आता त्याच्या रंगावरून सांगणे शक्य नाही.

सह्याद्रीतही असाच बहुरंगी साप आहे. मलबारी चापडा हिरवा, पिवळा, तपकिरी, नारिंगी अशा अनेक रूपांत आढळतो आणि पावसाळ्यात आंबोलीत तो पाहायला लोक मुद्दाम जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात हौसेखातर तो पाळता येत नाही. पिल्लू कोणत्याही रंगाचे असो, त्याची विषग्रंथी आणि विषदंत जन्मापासून काम करतात. भारतात मिळणारे, अनेक सापांच्या विषांवर चालणारे (पॉलिव्हॅलंट) प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार केलेले असते; चापड्याचा त्यात समावेश नाही, आयलॅश वायपरसारख्या परदेशी सापांचा तर नाहीच.