इनटेक रनर बदलण्याआधी हे वाचा

‘गाडीला पिकअप नाही, मोठे इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारा भाग) बसवून द्या’ अशी मागणी आमच्या गॅरेजमध्ये आता वरचेवर येते. त्यावर आमचा आधी एकच प्रश्न असतो: गाडी बहुतेक वेळ किती आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चालते? फोंडा-पणजी रोजची ये-जा, शुक्रवारी म्हापशाचा बाजार, कधीतरी केरीहून चोर्ला घाट चढून बेळगाव. अशा वापरात काटा सहसा १,५०० ते ३,५०० च्या दरम्यान फिरतो. इनटेकमधला रनर कोणता हवा, हे या आकड्यावरच ठरते.

रनर करतो काय?

थ्रॉटल बॉडीतून (अॅक्सिलरेटरप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेतून) आलेली हवा प्लेनम नावाच्या डब्यात येते आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे एकेक नळी जाते. ही नळी म्हणजे रनर. दिसायला साधा पाइप, पण त्याची लांबी आणि जाडी कंपनीने विचार करून ठरवलेली असते.

३,००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा हवा ओढतो. पिस्टन तळाला जाऊन वर फिरू लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. नळीतली हवा जोरात असेल तर ती वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता आत घुसत राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. हा जोर अरुंद नळीत कमी आरपीएमलाही मिळतो, रुंद नळीत हवा सुस्तावते. उलट ६,००० ला अरुंद नळीत हवा अडते, तिथे रुंदच हवी.

लांबीचे काम वेगळे. पिस्टन खाली ओढू लागला की कमी दाबाची एक लाट नळीतून प्लेनमकडे निघते. नळीच्या उघड्या तोंडाशी ती उलटते आणि जास्त दाबाची लाट होऊन व्हॉल्व्हकडे परतते. ती व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमारास पोचली तर हवेचा शेवटचा धक्का फुकटात मिळतो. आपल्याकडच्या उकाड्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३५० मीटर. म्हणजे ३५ सेंटीमीटरच्या रनरमध्ये जाऊन-येऊन २ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ३,००० आरपीएमला क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा दांडा) ३६ अंश फिरतो, ६,००० ला ७२ अंश. लाटेचा वेग तोच राहतो, इंजिनाचा बदलतो. त्यामुळे कोणताही एक रनर सगळ्या आरपीएमला सारखा जुळत नाही. लांब रनर खालच्या-मधल्या पट्ट्यात जुळतो, आखूड रनर वरच्या.

टॉर्क की पॉवर?

टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर; पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. समजा, एक इंजिन ४,००० ला ११० न्यूटन-मीटर टॉर्क देते. तिथे पॉवर झाली सुमारे ४६ किलोवॅट. दुसरे ६,००० ला १०० च देते, पण पॉवर भरते जवळजवळ ६३ किलोवॅट. जाहिरातीत दुसरे इंजिन उठून दिसेल. मात्र चार माणसे आणि सामान घेऊन अनमोडच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये निघायचे असेल, तर कमी आरपीएमला कोण किती ओढतो तेच कामाला येते. म्हणून रोजच्या गाडीला आखूड रनर बसवायला आम्ही सहसा नकार देतो. एरवी डोळ्यांत भरणारे ते चकचकीत अॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड (प्लेनम आणि रनर मिळून झालेला भाग) घाटात गिअर खाली टाकायला लावते.

ही ओढाताण जुनीच आहे. १९६० साली क्रायस्लरने ३००-एफ गाडीला सुमारे ३० इंचांचे रनर दिले होते. मधल्या आरपीएमला टॉर्क भरपूर, वर मात्र दम कमी. जास्त आरपीएमसाठी त्याच नळ्यांमधली आतली भिंत कापून परिणामकारक लांबी १५ इंचांवर आणली गेली. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये चालत्या इंजिनात सलग बदलणाऱ्या लांबीचे इनटेक आणले. काही साध्या गाड्यांतही फ्लॅपवर चालणारी दोन टप्प्यांची सोय असते. गाडी जुनी झाली की हा फ्लॅप अडकतो. लांब मार्गावर अडकला तर वर दम संपतो, आखूडवर अडकला तर खाली गाडी ओढत नाही. तुमच्या गाडीत ही सोय असेल तर नवीन काही घेण्याआधी फ्लॅप आणि त्याची व्हॅक्यूम नळी तपासून घ्या.

टर्बो गाड्यांत हवा मुळात दाबानेच भरते, त्यामुळे रनरचा फरक कमी जाणवतो. त्यावर खर्च करू नका.

आमच्याकडे आधी काय तपासले जाते

एअर फिल्टर (पावसाळ्यात ओला, उन्हाळ्यात लाल धुळीने भरलेला), मॅनिफोल्डचे गॅस्केट कुठे हवा खाते का, थ्रॉटल बॉडीवरची काजळी. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) गाड्यांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण तिथे पेट्रोल फवारले जात नाही. हरवलेला पिकअप बऱ्याचदा इथेच सापडतो, आणि खर्चही कितीतरी कमी.

हे सगळे ठीक असूनही रनर बदलायचाच असेल, तर सर्व नळ्या सारख्या लांबीच्या, तोंडे गोलसर आणि हेडच्या पोर्टशी (सिलिंडरवरच्या भागातल्या हवेच्या तोंडाशी) पायरी न ठेवता जुळणारी हवीत. त्यानंतर ईसीयूचे (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे) मॅपिंग, म्हणजे नव्याने जुळवणी, आलेच. वॉरंटी असेल तर ती धोक्यात येऊ शकते. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. मूळ मॅनिफोल्ड आम्ही परत देतो; ते भंगारात घालू नका.

तपासणीला येताना आधीच्या सर्व्हिसची बिले आणा आणि त्रास नेमक्या कोणत्या गिअरमध्ये, किती आरपीएमला जाणवतो ते टिपून आणा. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात मॅनिफोल्ड उतरवायचे काम आम्ही घेत नाही. एखादा भाग वेळेवर आला नाही तर ऐन सणाला गाडी आमच्याकडेच अडकून पडते.