एकचाकी की दोनचाकी : खडीच्या वाटेवरील सायकल ट्रेलरची पार्श्वभूमी

सायकलीमागे सामानाची गाडी जोडण्याची कल्पना जुनी असली, तरी खडीच्या वाटांसाठी ट्रेलर निवडताना आज जो वाद होतो, तो 1990 च्या दशकातील पश्चिम अमेरिकेत आकाराला आला. तोवरचे बहुतेक ट्रेलर दोनचाकी होते आणि मुले किंवा बाजारहाट डांबरी रस्त्यावरून नेण्यापुरते होते. त्या दशकात कॅलिफोर्नियातील एका लहान कंपनीने ‘याक’ हा एकचाकी ट्रेलर आणला. त्याच सुमारास कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत, रॉकी पर्वताच्या जलविभाजकाला धरून जाणारा, सुमारे 4,000 किलोमीटर लांब आणि बराचसा कच्चा मार्ग सायकलस्वारांसाठी आखला गेला.

कच्च्या रस्त्यावर मोटारींच्या दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि सायकलस्वार त्यांपैकी एकीतून जातो. अशा वेळी दोनचाकी ट्रेलरचे एक चाक मधल्या उंचवट्यावर चढते, दुसरे कडेच्या सुट्या खडीत उतरते आणि ट्रेलर तिरका होऊन सतत ओढ देतो; वेगात असताना दगड लागला, तर तो उलटतोही. एकचाकी ट्रेलर सायकलीच्याच चाकोरीतून येतो आणि वळणावर तिच्याबरोबर कलतो. याच मार्गावरील वायोमिंग राज्याच्या कोरड्या पट्ट्यात कित्येक लिटर पाणी बरोबर बाळगावे लागते, तेथे हा फरक दिवसभर जाणवतो.

खरा गोंधळ ‘भारक्षमता’ या शब्दाने केला. याकसाठी सुमारे 32 किलो आणि लांबच्या प्रवासासाठीच्या दोनचाकी ट्रेलरसाठी सुमारे 45 किलो हे आकडे शेजारी ठेवून तुलना होत असे. परंतु ते एकाच गोष्टीचे माप नव्हते. दोनचाकीत जवळजवळ सारे ओझे तिच्या स्वतःच्या चाकांवर असते. एकचाकीत मात्र सामान सायकलीचे मागचे चाक आणि ट्रेलरचे चाक यांच्या मधोमध असल्यामुळे सुमारे अर्धा भार सायकलीच्या मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकाच्या आसावर, येतो. म्हणजे 24 किलो सामान भरले, तर त्यातील बारा-एक किलो अखेर सायकलीच्याच आऱ्यांवर पडते. जड वस्तू वर किंवा मागे रचल्या, तर उतारावर ट्रेलरचे शेपूट हलू लागते. म्हणून पाणी तळाशी आणि झोपण्याची पिशवी वर, ही रीत रूढ झाली. एकचाकीच्या समर्थकांनी, आणि त्यांत प्रस्तुत लेखकही आला, ही बाजू नेहमीच थोडी हळू आवाजात सांगितली.

याकचे 16 इंची चाक खळग्यांत आपटते, ही तक्रार लवकरच आली. त्यावर स्प्रिंग बसवलेला दुसरा नमुना निघाला. पोलंडमधील एका उत्पादकाने तर सायकलीएवढेच मोठे चाक घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवल्या.

2004 पासून रॉकी पर्वताच्या त्याच मार्गावर शर्यत होऊ लागली, सांगाड्याला बांधायच्या हलक्या पिशव्यांचा बोलबाला झाला आणि ट्रेलर मागे पडला. 2011 मध्ये ती कॅलिफोर्नियातील कंपनी विकली गेली. पुढे तिचे मालवाहू ट्रेलर बंद झाले. दरम्यान सायकलींचा ॲक्सलही बदलला. याक क्विक रिलीजच्या, म्हणजे चाक हाताने झटकन सोडवता येणाऱ्या रचनेच्या, खास बारीक दांडीला दोन्ही बाजूंनी अडकत असे. 12 मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल, म्हणजे सांगाड्यात आट्यांनी आवळला जाणारा जाड आस, असलेल्या सायकलीत ती दांडी बसतच नाही. त्यासाठी वेगळा ॲक्सल मिळतो, पण त्याची लांबी आणि आट्यांचे अंतर सायकलीगणिक बदलते. परिणामी जुना याक घेणाऱ्याला ट्रेलरचे चाक पाहण्याआधी स्वतःच्या सायकलीचा ॲक्सल काढून त्यावर छापलेले आकडे वाचावे लागतात.