शिंदळ माकुडी: कड्यावरून कुंडीत, कुंडीतून पुन्हा कड्यावर

एकोणिसाव्या शतकात जुन्नरजवळ हिवरे येथे मुंबई सरकारची एक बाग होती आणि अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली तेथे औषधी वनस्पतींची लागवड होत असे. याच परिसरात सापडलेल्या एका मांसल वनस्पतीचे वर्णन निकोल डॅलझेल यांनी 1860च्या दशकात प्रसिद्ध केले व तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. तिचे मराठी नाव शिंदळ माकुडी. तिच्या जवळच्या नात्यातील मांसल वनस्पतींना सहसा ठळक पाने नसतात. हिला मात्र पावसाळ्यात चांगली पाने फुटतात आणि ती गळून गेल्यावर उरलेले कोरडे महिने हिरवे खोड एकटेच अन्न तयार करते. उभ्या बसाल्टच्या फटीत, जेथे मूठभरच माती असते, तेथे ती तगते ती या सोयीमुळे.

1980च्या दशकात जगातील सर्वाधिक संकटग्रस्त 12 वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश झाला आणि तिच्याकडे नव्याने लक्ष गेले. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणांच्या कड्यांवर ती आढळते. चराई, वणवे आणि दरडी हे तिचे नित्याचे धोके आहेत.

तिची रोपे करणे मात्र कठीण नाही. खोडाचा तुकडा कापून, चीक वाळून जखम सुकेपर्यंत सावलीत ठेवला आणि पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या मिश्रणात लावला, तर त्याला मुळे फुटतात. पाणी जास्त झाले की तो कुजतो. म्हणूनच परदेशांतील हौशी संग्राहकांकडेही ती वाढताना दिसते. परंतु एका झाडापासून केलेली शंभर रोपे आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड असतात, ही गोष्ट रोपांची संख्या मोजताना सहज नजरेआड होते. बियांपासून वाढवलेल्या रोपांत विविधता येते, पण बी धरणे सोपे नाही: रुईच्या कुळातील या फुलांत परागकण सुटे नसून पुंजक्यांत बांधलेले असतात, आणि ते पुंजके तांबड्या, पिवळ्या ठिपक्यांच्या फुलांकडे येणाऱ्या माश्यांनीच वाहून न्यावे लागतात. त्यामुळे मूळ जागी पुनर्लागवड करायची असेल, तर प्रत्येक गडावरील अनेक झाडांचे बी व तुकडे वेगवेगळे ठेवून, त्यांची नोंद करून, वज्रगडचे रोप वज्रगडावरच परत गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.