अणुबल सूक्ष्मदर्शीच्या सुईने पेशी फाटते का?

सोलापुरातल्या विज्ञान शाखेच्या वर्गांत एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो : अणुबल सूक्ष्मदर्शीची (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपून त्याचे चित्र काढणाऱ्या उपकरणाची) सुई नमुन्याला टेकते, म्हणून जिवंत पेशी तिच्याखाली फाटते आणि नमुना वाळवूनच ठेवावा लागतो. हा समज चुकीचा आहे.

१९८६ साली पुढे आलेल्या या उपकरणाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीसारखी निर्वात पोकळी लागत नाही. पेशी पोषक द्रवात बुडालेली असतानाच मोजमाप होते. उलट हवेतच धोका अधिक, कारण पृष्ठभागावरचा पाण्याचा पातळ थर सुईला खाली ओढतो, आणि द्रवात ही ओढ उरत नाही. सुई ज्या पट्टीच्या टोकाला असते तिचा ताठपणा मीटरला ०.०५ न्यूटन धरला, तर ती १० नॅनोमीटर वाकल्यावर पेशीवर अवघे ०.५ नॅनोन्यूटन बल पडते.

समजाला आधार मात्र आहे, हे मान्य केले पाहिजे : सुई सतत टेकवून घासत नेली की मऊ नमुना खरोखरच ओरखडतो. म्हणून ती हलकेच आपटत नेतात किंवा टोकाला सूक्ष्म गोळी चिकटवून दाब पसरवतात. टॉवेलचा मऊपणा आपला विणकर अंगठ्याने दाबून ओळखतो. येथेही किती दाबले आणि किती दबले यांवरूनच पेशीचा मऊपणा निघतो, जो बहुधा काही किलोपास्कलांच्या (किलोपास्कल हे दाबाचे एकक) घरात असतो.