सहिष्णुतामापन, युवकांतील

धर्म, वंश, भाषा वा मते यांनी आपल्याहून वेगळ्या असणाऱ्यांच्या हक्कांविषयी किशोरांची व तरुणांची अभिवृत्ती प्रश्नावलीद्वारे अजमावून तिची देशोदेशी तुलना करण्याची पद्धती.

तिचा उगम कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक एमरी बोगार्डस यांच्या सामाजिक अंतराच्या श्रेणीपर्यंत (१९२५ च्या सुमारास) मागे जातात. परंतु ती श्रेणी मुख्यतः जवळीक व दुरावा मोजते. सॅम्युएल स्टाउफर यांच्या १९५४ मधील अमेरिकी सर्वेक्षणापासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. साम्यवादी, नास्तिक इत्यादींना जाहीर भाषण करू द्यावे का, असे त्यात विचारले होते. सलिव्हन, पिअरसन व मार्कस या राज्यशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्यावर मूलगामी आक्षेप घेतला : ज्याला साम्यवादी मुळात खुपतच नाहीत, त्याच्या होकाराला सहिष्णुता कशी म्हणावी? म्हणून उत्तरदात्याने आधी स्वतःचा सर्वांत नावडता गट सांगावा व मग त्याच गटाच्या हक्कांविषयी उत्तर द्यावे, असा पर्याय त्यांनी सुचविला. ‘सह्’ म्हणजे सोसणे या धातूपासून आलेल्या ‘सहिष्णुता’ शब्दाशी ही कल्पना नेमकी जुळते. मात्र प्रत्येकाचा नावडता गट निराळा असल्याने देशांची तुलना अवघड होते.

शालेय सर्वेक्षणांनी बहुधा म्हणूनच समान हक्कांविषयीच्या ठरावीक विधानांचा मार्ग धरला. आयईए या शैक्षणिक संपादनाचे देशोदेशी मापन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ मधील नागरिकशास्त्र-अभ्यासात २८ देशांतील सु. ९०,००० चौदावर्षीय विद्यार्थी होते. २००९ च्या आयसीसीएसमध्ये (त्याच संघटनेचा नागरिकशास्त्र व नागरिकत्व यांविषयीचा आंतरराष्ट्रीय अभ्यास) ३८ देशांतील आठवीचे १,४०,००० हून अधिक. स्त्रिया, वांशिक गट व स्थलांतरित यांच्या हक्कांविषयीच्या विधानांवर पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंत चार पर्याय असतात. त्या उत्तरांवरून सरासरी ५० व प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरले आहेत याचे माप) १० असलेली श्रेणी बांधली जाते. स्त्री-पुरुष समानतेला मुलींचा पाठिंबा मुलांपेक्षा अधिक, असे २००९ मध्ये आढळले.

खरा पेच मापन-समतुल्यतेचा, म्हणजे एकच प्रश्नावली सर्व देशांत एकच गोष्ट सारख्याच रीतीने मोजते का याचा, आहे. देशांच्या सरासरींची तुलना करायची, तर प्रश्नांची रचना व भार (एकूण मापनातील प्रत्येक प्रश्नाचे वजन) यांबरोबरच उत्तरांची आधाररेषाही (अभिवृत्ती सारखी असता मिळणारे उत्तर) सर्वत्र सारखी असावी लागते. डझनावारी देशांत ही तिसरी अट क्वचितच पूर्णतः पाळली जाते. सहमतीकडे झुकण्याची सवय देशागणिक बदलते, आणि जेथे स्थलांतरित तुरळक आहेत तेथे ‘स्थलांतरित’ म्हणताच मुलांच्या डोळ्यांपुढे कोण येते, हे सांगता येत नाही. त्यामुळे देशांची क्रमवारी लावण्यापेक्षा एकाच देशातील गटांची तुलना अधिक विश्वसनीय मानावी.

भारत आयसीसीएसमध्ये सहभागी नाही. जागतिक मूल्य सर्वेक्षणात तो आहे. शेजारी म्हणून कोण नको, हा प्रश्न तेथे विचारतात. पण त्याचे उत्तरदाते प्रौढ असल्याने ती आकडेवारी चौदा वर्षांच्या मुलांच्या आकडेवारीशेजारी ठेवता येत नाही.