मेजर फेतिसोव्हचा राजीनामा

1 जुलै 2022 रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान फेदोतोव्ह या आइस हॉकीच्या गोलरक्षकाला ताब्यात घेण्यात आले. आरोप होता सक्तीची लष्करी सेवा चुकवल्याचा. फेदोतोव्ह मॉस्कोच्या सीएसकेए क्लबचा खेळाडू. त्याच वर्षी क्लबला रशियन लीगच्या विजेत्याला मिळणारा गगारीन कप मिळवून देऊन त्याने मे महिन्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया फ्लायर्सशी करार केला होता. फिलाडेल्फियाऐवजी त्याची रवानगी झाली ती थेट उत्तरेकडच्या सेव्हेरोमोर्स्क या नौदलाच्या गावी. हे सगळे वाचताना जुन्या हॉकीप्रेमींना तेहेतीस वर्षांपूर्वीचा त्याच क्लबमधला दुसरा एक खेळाडू आठवला असणार. तो गोलरक्षक नव्हता, बचावपटू होता, आणि सैन्यात मेजर होता. नाव व्याचेस्लाव्ह फेतिसोव्ह.

सीएसकेए या अक्षरांचा अर्थच 'सैन्याचा मध्यवर्ती क्रीडा क्लब' असा आहे. आपल्याकडच्या सर्व्हिसेसच्या संघासारखे हे प्रकरण वरवर वाटेल, पण सोव्हिएत व्यवस्थेत त्याला एक जास्तीचा दात होता. कागदोपत्री तिथे व्यावसायिक खेळाडू नावाचा प्राणीच नव्हता. खेळाडू कारखान्याचा कामगार असे, पोलीस असे नाहीतर सैनिक असे, आणि रिकाम्या वेळात (म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ) खेळत असे. त्यामुळे त्याला ऑलिम्पिकमध्ये 'हौशी' म्हणून उतरवता येई. शिवाय लष्करी सेवा सगळ्यांनाच सक्तीची असल्याने दुसऱ्या क्लबातला कुणी पोरगा डोळ्यांत भरला की सीएसकेए त्याला सरळ भरतीचा हुकूम पाठवू शकत असे. सर्गेई मकारोव्ह चेल्याबिन्स्कहून आला, अलेक्सेई कसातोनोव्ह लेनिनग्राडहून, इगोर लारिओनोव्ह वोस्क्रेसेन्स्कहून. सोव्हिएत लीगमध्ये सीएसकेएने 32 वेळा विजेतेपद मिळवले, त्यातली 1977 ते 1989 अशी तेरा लागोपाठ. अशा स्पर्धेला स्पर्धा का म्हणायचे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

खेळ मात्र अस्सल होता. रशियात पूर्वापार चेंडूने खेळली जाणारी बँडी होती. रबरी चकतीची कॅनडाची हॉकी 1946 साली लीग म्हणून सुरू झाली. 1954 मध्ये सोव्हिएत संघ पहिल्यांदा विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेत उतरला आणि स्टॉकहोममध्ये कॅनडाला 7-2 असा हरवून परतला. या शाळेचे मोठे गुरू अनातोली तारासोव्ह. कॅनडाची पद्धत सरळ होती: चकती पुढे भिरकवायची, मागे धावत जायचे, धडक मारून ती मिळवायची. तारासोव्ह यांनी शिकवले की चकती आपल्या ताब्यात असेल तर ती टाकून द्यायचीच कशाला? वाट दिसत नसेल तर मागे पास द्या, गोल फिरून पुन्हा या. पाचही जणांनी जागा बदलत राहायचे.

इथे बचावपटूचे काम बदलते, म्हणून थोडे थांबू. आइस हॉकीत एका वेळी बर्फावर प्रत्येक बाजूचे सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. जुन्या समजुतीप्रमाणे बचावपटू म्हणजे दारावरचा रखवालदार. येणाऱ्याला अडवायचे, भिंतीवर दाबायचे, चकती बाहेर फेकायची. तारासोव्ह यांच्या पद्धतीत हल्ल्याची सुरुवातच त्याच्या काठीपासून होते. पहिला पास तो देतो, पुढे मोकळी जागा दिसली तर स्वतःच घुसतो, आणि त्याने सोडलेली जागा आघाडीचा खेळाडू मागे येऊन सांभाळतो. हे जमायला एकमेकांच्या चालीचा अंदाज श्वासाइतका सवयीचा व्हावा लागतो. आणि असा अंदाज येण्यासाठी वर्षानुवर्षे त्याच पाच जणांनी एकत्र खेळावे लागते. सीएसकेएला ही चैन परवडत होती, कारण तिथून कुणी सोडून जाऊच शकत नव्हते.

फेतिसोव्ह 20 एप्रिल 1958 रोजी मॉस्कोत जन्मला आणि सीएसकेएच्याच क्रीडाशाळेत वाढला. त्याला भरतीचा हुकूम पाठवायची गरज पडली नाही. विशीत असतानाच, 1978 साली प्रागच्या विश्वविजेतेपदात तो स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला. हा मान पुढे त्याला एकूण पाचदा मिळाला. 1980 मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी सोव्हिएत संघाला 4-3 असे हरवले, तेव्हा तो त्या संघात होता. अमेरिकेत त्या सामन्याचा अजून उत्सव होतो. मॉस्कोत त्याचा परिणाम असा झाला की प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह यांनी जुने खेळाडू एकेक करून बाजूला केले आणि तरुणांभोवती नवा संघ बांधला.

तिखोनोव्ह 1977 पासून सीएसकेए आणि राष्ट्रीय संघ या दोन्हींचे प्रशिक्षक होते. म्हणजे क्लबातही तेच, देशाच्या संघातही तेच, आणि खेळाडू सैन्यात असल्याने वरिष्ठही तेच. त्यांनी जुळवलेले पंचक (आपल्याकडे हा शब्द अशुभ, पण दुसरा सुचत नाही) असे: मागे फेतिसोव्ह आणि कसातोनोव्ह, पुढे व्लादिमीर क्रुतोव्ह, लारिओनोव्ह आणि मकारोव्ह. सरावात ते हिरव्या जर्सी घालत, म्हणून 'हिरवे पंचक' हे नाव पडले. 1981 च्या कॅनडा कप या देशादेशांमधल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने कॅनडाला त्यांच्याच घरी 8-1 असे धुतले. 1984 ला सारायेव्हो आणि 1988 ला कॅलगरी, दोन्ही ऑलिम्पिकची सुवर्णपदके त्यांचीच. त्यांचा सर्वात देखणा खेळ मात्र हरलेल्या मालिकेत आहे, असे माझे मत. 1987 च्या कॅनडा कपच्या अंतिम फेरीचे तिन्ही सामने 6-5 असे सुटले. पहिला सोव्हिएत संघाने घेतला, उरलेले दोन कॅनडाने. शेवटचा गोल वेन ग्रेट्झ्कीच्या पासवर मारिओ लेम्यूने केला.

या यशामागचे जगणे वेगळे होते. मॉस्कोजवळ आर्खांगेल्स्कोये इथल्या छावणीत हे खेळाडू वर्षाचे दहा-अकरा महिने काढत. घर काही किलोमीटरवर, बायको-मुले तिथे, आणि यांना भेटीसाठी परवानगी हवी. 1985 मध्ये फेतिसोव्हचा धाकटा भाऊ अनातोली मोटार अपघातात गेला. तोही हॉकीच खेळत होता. गाडीत फेतिसोव्हही होता आणि तो वाचला.

दरम्यान अटलांटिकपलीकडे त्याच्या नावाची नोंद होऊन राहिली होती. एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक लीगचे क्लब दरवर्षी नवे खेळाडू आपल्या नावावर राखून ठेवतात. माँट्रियलने 1978 मध्ये त्याला निवडले होते, पण ते वाया गेले. 1983 मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने पुन्हा निवडले, तेही 150 व्या क्रमांकावर. जगातल्या सर्वोत्तम बचावपटूला दीडशेवा क्रमांक, कारण तो कधी येईल यावर कुणाचाच विश्वास नव्हता. त्याच वर्षी डेव्हिल्सने कसातोनोव्हचेही नाव लिहून ठेवले, 225 व्या क्रमांकावर. लॉटरीचे तिकीट घेऊन ठेवावे तसे.

कॅलगरीच्या सुवर्णपदकानंतर आता तुला सोडू, असे आश्वासन फेतिसोव्हला मिळाले होते. गोर्बाचोव्ह यांचा काळ होता, ग्लासनोस्त (म्हणजे मोकळेपणा) हा शब्द रोज छापून येत होता. 1988 मध्ये त्याला ऑर्डर ऑफ लेनिन हा देशाचा मोठा सन्मान मिळाला, पण सोडचिठ्ठी मिळेना. लष्करी अधिकाऱ्याला असे उठून परदेशात नोकरीला जाता येत नाही, हा युक्तिवाद कागदावर बिनतोड होता. दुसरा पेच पैशाचा होता. परदेशी करार सोव्हइंटरस्पोर्ट या सरकारी संस्थेमार्फतच व्हायचे आणि पगाराचा मोठा वाटा तिच्याकडेच राहायचा. फेतिसोव्ह अडून बसला: करार माझ्या नावाने, पगार माझ्या हातात, आणि परत यायचा हक्क कायम. पळून जाण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. परदेश दौऱ्यावर तो कितीतरी वेळा गेला होता, एखाद्या रात्री हॉटेलातून बाहेर पडला असता तरी काम झाले असते. ते त्याने केले नाही. त्याला पळून जायचे नव्हते, रीतसर राजीनामा द्यायचा होता. सोव्हिएत अधिकाऱ्यांना यातले जास्त अवघड काय वाटले असेल ते सांगायला नको.

ऑक्टोबर 1988 मध्ये लारिओनोव्हने 'ओगोन्योक' साप्ताहिकात तिखोनोव्ह यांना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि छावणीतल्या जगण्याचे वाभाडे काढले. जानेवारी 1989 मध्ये फेतिसोव्हने 'मॉस्कोव्स्की कोम्सोमोलेत्स' या दैनिकात जाहीर केले की तिखोनोव्हच्या संघात मला खेळायचे नाही. त्यानंतर त्याला संघाबाहेर काढण्यात आले. संरक्षणमंत्री दिमित्री याझोव्ह यांनी समोर उभे करून आपल्याला झापले, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. कालपर्यंतचा कर्णधार एकटाच सराव करू लागला. जिवलग दोस्त आणि वर्षानुवर्षांचा जोडीदार कसातोनोव्ह तिखोनोव्ह यांच्या बाजूने राहिला. ही भेग पुढे कितीतरी वर्षे बुजली नाही.

तिढा सुटला तो बाकीच्यांमुळे. लारिओनोव्ह, मकारोव्ह, क्रुतोव्ह आणि आणखी काही जणांनी दूरदर्शनवर येऊन सांगितले की फेतिसोव्हला घेतले नाही तर आम्ही स्टॉकहोमच्या विश्वविजेतेपदाला जाणार नाही. सोव्हिएत संघराज्यात खेळाडूंनी असे बोलणे आणि तेही पडद्यावर, हे नवीनच होते. फेतिसोव्ह परतला, कर्णधार झाला. संघाने दहाच्या दहा सामने जिंकले. स्पर्धा संपताच वीस वर्षांचा अलेक्झांडर मोगिल्नी स्टॉकहोममधूनच अमेरिकेला पळाला. त्यालाही लष्करी हुद्दा होता. आता अडवून धरण्यात फार अर्थ उरला नव्हता. त्या उन्हाळ्यात फेतिसोव्हचा राजीनामा मंजूर झाला. मकारोव्हला कॅलगरी फ्लेम्सकडे, लारिओनोव्ह आणि क्रुतोव्हला व्हँकुव्हरला जाऊ दिले गेले. पंचक फुटले.

न्यू जर्सीत पोचला तेव्हा फेतिसोव्ह 31 वर्षांचा होता. उत्तर अमेरिकेतले रिंक युरोपातल्यापेक्षा सुमारे चार मीटरने अरुंद असते. वळून पास शोधायला जागा कमी, अंगावर येणारा माणूस लवकर पोचतो. सोबतच्यांना त्याने मागे फिरणे कळत नसे. प्रतिस्पर्ध्यांना रशियनाला ठोकण्यात विशेष गोडी. त्यात डिसेंबरमध्ये डेव्हिल्सने आणले कुणाला, तर कसातोनोव्हला. दोघे एकाच संघात, एकाच बचावफळीत, आणि बोलणे बंद. इकडे मकारोव्हला 31 व्या वर्षी एनएचएलचा सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला, त्यावरून एवढा गहजब झाला की पुढच्या वर्षीपासून नवोदिताला वयाची अट लागली. फेतिसोव्हच्या वाट्याला असे काही आले नाही. तो चांगला बचावपटू म्हणून गणला गेला, इतकेच.

एप्रिल 1995 मध्ये डेव्हिल्सने त्याला डेट्रॉइट रेड विंग्सला देऊन टाकले, मोबदल्यात मिळाला नवा खेळाडू निवडण्याचा तिसऱ्या फेरीतला एक हक्क. दोन महिन्यांनी स्टॅन्ले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत हेच दोन संघ भिडले आणि डेव्हिल्सने डेट्रॉइटला 4-0 असे हरवले. नशिबाने काढलेले हे चिमटे पाहून हसावे की रडावे कळत नाही.

पण डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांच्या डोक्यात काही वेगळे शिजत होते. संघात सर्गेई फेदोरोव्ह, व्याचेस्लाव्ह कोझलोव्ह आणि व्लादिमीर कॉन्स्टान्टिनोव्ह आधीपासून होते. ऑक्टोबर 1995 मध्ये बोमन यांनी सॅन होजेकडून लारिओनोव्हला आणले आणि 27 ऑक्टोबरला कॅलगरीविरुद्ध पाचही रशियनांना एकत्र बर्फावर उतरवले. डेट्रॉइट 3-0 ने जिंकले. आर्खांगेल्स्कोयेच्या छावणीत घोटलेला खेळ मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात पुन्हा दिसू लागला: मागे पास, गोल फिरणे, अचानक मोकळा सुटलेला माणूस. पाचही जण सीएसकेएतून आलेले होते, हे वेगळे सांगायला नकोच. त्या हंगामात संघाने 62 सामने जिंकले, तरी कप हुकला. 7 जून 1997 रोजी फिलाडेल्फियाला हरवून तो आला, डेट्रॉइटला 42 वर्षांनी. फेतिसोव्ह आणि लारिओनोव्हने तो दोघांनी मिळून उचलून रिंकभर फिरवला.

सहा दिवसांनी, 13 जूनला, मेजवानीहून परतणारी लिमोझिन झाडावर आदळली. आत फेतिसोव्ह, कॉन्स्टान्टिनोव्ह आणि संघाचे मालिशवाले सर्गेई म्नात्साकानोव्ह होते. चालकाचा परवाना आधीच निलंबित झालेला होता. फेतिसोव्ह छातीच्या दुखापतीवर सुटला. उरलेल्या दोघांच्या मेंदूला जबर मार बसला. कॉन्स्टान्टिनोव्ह तीस वर्षांचा होता, पुन्हा खेळला नाही. अपघातातून वाचण्याची फेतिसोव्हची ही दुसरी वेळ. ऑगस्टमध्ये तो, लारिओनोव्ह आणि कोझलोव्ह स्टॅन्ले कप घेऊन मॉस्कोला गेले. त्यापूर्वी तो कप रशियात कधीच आला नव्हता. 1998 मध्ये डेट्रॉइटने पुन्हा कप जिंकला आणि चाकाच्या खुर्चीतल्या कॉन्स्टान्टिनोव्हच्या मांडीवर ठेवला. फेतिसोव्ह चाळिसाव्या वर्षी थांबला. एनएचएलमध्ये 546 सामने, 36 गोल, 192 गोलसाहाय्य. आकडे सांगतात ते अर्धेच, कारण तारुण्याची सगळी वर्षे दुसऱ्या वहीत जमा आहेत.

पुढचा भाग आटोपशीर सांगतो. साहाय्यक प्रशिक्षक म्हणून तो न्यू जर्सीला परतला आणि 2000 मध्ये कप मिळवला. 2001 मध्ये टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या दालनात, त्याचे नाव लागले. 2002 च्या ऑलिम्पिकमध्ये त्याच्या हाताखाली रशियाला कांस्यपदक मिळाले. त्याच वर्षी पुतिन यांनी त्याला देशाच्या क्रीडा खात्याचे प्रमुखपद दिले. इथून पुढे मराठी रिवाजाप्रमाणे 'ते' म्हणायला हवे. डिसेंबर 2009 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी, फेतिसोव्ह सीएसकेएची जर्सी घालून एका सामन्यापुरते बर्फावर उतरले. 2016 पासून ते ड्यूमाचे, म्हणजे रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सदस्य आहेत.

2017 मध्ये त्यांनी एक सूचना मांडली. खेळाडू घडवायला देश पैसा खर्च करतो आणि पोरे कोवळ्या वयात परदेशी निघून जातात, तेव्हा वयाची 28 वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांना बाहेर खेळायला जाऊ देऊ नये, अशी.