मास्टर किल्ली म्हणजे सगळ्यांना एकच किल्ली नव्हे

एका ४ मजली ऑफिस इमारतीच्या ऑर्डरवर लिहिलं होतं, 'मास्टर की पाहिजे'. आली ४० कुलपं, सगळी एकाच किल्लीने उघडणारी. तळमजल्यावरच्या गाळेधारकाची किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या केबिनलाही लागत होती. हा घोळ मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

आलेल्या मालाला धंद्यात 'कीड अलाइक' (keyed alike, म्हणजे सगळ्यांना एकच किल्ली) म्हणतात. सगळ्या कुलपांच्या आतल्या पिना सारख्या. गच्ची, पंपरूम, मजल्यामजल्यावरचे इलेक्ट्रिकल डक्ट यांना हेच बरं. इलेक्ट्रिशियनने २० किल्ल्यांचा जुडगा कशाला वागवायचा?

मास्टरमध्ये प्रत्येक गाळ्याची किल्ली वेगळी, ती शेजारच्या दाराला लागत नाही. मॅनेजरची एक किल्ली मात्र सगळीकडे चालते. हे कसं होतं ते सिलिंडर, म्हणजे कुलपाचा किल्ली घालायचा भाग, खोलून पिना टेबलावर काढल्या की कळतं. प्रत्येक भोकात खाली एक पिन, वर दुसरी, तिच्यावर स्प्रिंग. किल्ली घातली की पिना उचलल्या जातात. सगळ्या भोकांतली दोन पिनांमधली फट गाभ्याच्या, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागाच्या, काठाशी आली, की गाभा फिरतो. मास्टरच्या सिलिंडरमध्ये या दोन पिनांच्या मध्ये मसूर डाळीहून लहान अशी पितळी चकती बसवलेली असते. त्यामुळे एकाच भोकात फटी दोन होतात, एक गाळेधारकाच्या किल्लीची, दुसरी मास्टरची.

कुलूप कच्चं होतं ते इथेच. कुलपात पाच भोकं असून पाचही भोकांत चकती असेल, तर प्रत्येक भोकात दोन फटी, म्हणून २ किल्ल्यांसाठी बनवलेलं कुलूप ३२ (२×२×२×२×२) वेगवेगळ्या खाचांच्या किल्ल्यांनी उघडू शकतं. मॅट ब्लेझ या अमेरिकन संशोधकाने २००३ साली दाखवून दिलं की एक साधी किल्ली, तिचं कुलूप आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या हाताशी असल्या, तर त्यावरून मास्टर काढता येते. म्हणून कॅशरूम आणि सर्व्हररूम मास्टरमध्ये घेऊ नका, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

किल्ली हरवली की फरक खिशाला कळतो. कीड अलाइकमध्ये कोणाचीही हरवो, सगळी कुलपं बदलायची. मास्टरमध्ये गाळेधारकाची हरवली तर त्या एका सिलिंडरच्या पिना बदलून भागतं. खुद्द मास्टर हरवली, तर मात्र सगळ्या सिलिंडरांना हात लावावा लागतो.

ऑर्डरआधी तक्ता करा: दार कोणतं, ते कोणी उघडायचं, कोणी नाही. पुढे पडणाऱ्या केबिनसाठी किल्ल्यांचे नंबर आताच राखून ठेवायला सांगा. आणि ऑर्डरवर नुसतं 'मास्टर की' लिहू नका. 'प्रत्येक दाराला वेगळी किल्ली, शिवाय सगळ्यांना लागणारी एक मास्टर' असं पूर्ण वाक्य लिहा.